सगुणा अजून दारातच

भाचीच्या लग्नात तिसगावकडचा एक पाहुणा पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. गप्पा रंगल्या, नंबर देण्याघेण्याची वेळ आली. मी सवयीने ड्यूटीवरच्या मोबाईलचा नंबर सांगत गेलो, तो दाबत गेला, आणि शेवटचा आकडा दाबल्याबरोबर त्याच्या पडद्यावर माझं नाव आपोआप उमटलं: 'लाईट'. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. घास हातातच राहिला.

"म्हंजी ते तुमीच व्हय?"

मी मान डोलावली. तो ओशाळून म्हणाला, "दोन वर्सामागं माझा भुईमूग वाळला, तवा म्या तुमाला लई घान शिव्या दिल्या हुत्या. आठवतंय का?" मला आठवत नव्हतं. इतक्या जणांनी दिल्या होत्या की एकेकाची याद कुठे ठेवणार! त्याने वाढप्याला हाक मारून माझ्या पानात दोन जिलब्या जास्त टाकायला लावल्या आणि विषय मिटवला. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या भागातल्या कितीतरी मोबाईलमध्ये मी 'लाईट' आहे. काहींमध्ये 'लाईटवाला', एकात नुसताच 'अंधार'. मी हबकलो. 'धक्का बसला' असं मी लिहीत नाही, कारण वीजवाल्याने तसं लिहिलं की वाचणारा आधी दवाखान्याची चौकशी करतो.

मी वीज उपकेंद्रात यंत्रचालक होतो, लोकांच्या तोंडी 'आपरेटर'. गेल्या वर्षी निवृत्त झालो. पाथर्डी तालुक्यातल्या एका माळावर आमचं उपकेंद्र. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. तारेचं कुंपण, खडी पसरलेलं आवार, आवारात ट्रान्सफॉर्मर आणि कडेला एक खोली. मोठ्या लाइनवरून आलेली वीज इथे कमी दाबाची करून घ्यायची आणि गावोगाव वाटायची. एकेका वाटेला फीडर म्हणतात. खोलीत प्रत्येक फीडरचं एक लोखंडी कपाट असतं. त्यावर काटे, दिवे आणि ब्रेकरची मूठ. मूठ एका बाजूला फिरवली की चार-पाच गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या चालू, दुसरीकडे फिरवली की बंद. दर तासाला काटे पाहून लॉगबुकात आकडे लिहायचे आणि काही झालं तरी खोली सोडून जायचं नाही. एवढंच काम.

आकडे लिहायला सात मिनिटं लागतात. उरलेली त्रेपन्न मिनिटं आपली, असा हिशेब मी नोकरीला लागलो त्या दिवशीच केला होता. कारण मला लिहायचं होतं.

मी जामखेडकडचा. आमच्या वस्तीवर एप्रिलातल्या जयंतीला दर वर्षी नाटक व्हायचं. माझा आवाज बारीक, अंगकाठी त्याहून बारीक, त्यामुळे मला कुणी काम दिलं नाही. पडद्याआडून वाक्यं सांगायला बसवलं. एका वर्षी मुख्य पात्र भर प्रसंगात अडकलं, आणि नेमकं वहीतलं पान मला सापडेना. घाबरून मी मनाचंच एक वाक्य सांगितलं. त्याने ते ठोकून दिलं आणि मांडवात टाळ्या पडल्या.  माझ्या डोक्यातून निघालेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून जातं आणि तीनशे माणसं टाळ्या वाजवतात, ही गोष्ट मला तेव्हा चमत्कारच वाटली. तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे.

घरी लिहिणं जमेना. मी वही उघडली की गॅस संपायचा. गॅस भरलेला असला तर पाहुणे यायचे. पाहुणे नसले तर आमच्या घरी, सुनंदाला, नेमकं तेव्हाच पत्र्यावरचं वाळवण उतरवायला माणूस लागायचा. "तुम्ही रिकामेच बसलाय ना," ती म्हणायची. मी पेन हातात धरून, कपाळाला आठ्या घालून बसलेलो असायचो. तिच्या मते तो रिकामाच. तिला दोष देत नाही. लिहिणारा माणूस लांबून तसाच दिसतो.

म्हणून सगळी भिस्त त्या त्रेपन्न मिनिटांवर. पण उपकेंद्रात मोबाईल होता, आणि मोबाईलमध्ये मी 'लाईट' होतो.

फोन करणाऱ्यांचे नमुने सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. एक बाई फोन करायच्या, "भाऊ, दळन टाकलंय, आर्ध झालंय. एवढं हुस्तवर घालवू नका." एकदा साहेबांनी फीडर बंद करायला सांगितलेला असताना मी त्यांच्या ज्वारीसाठी पाच मिनिटं थांबलो होतो, हे आता सांगायला हरकत नाही. एक मुख्याध्यापक रोज सकाळी वेळ विचारायचे. उपकेंद्राचं घड्याळ चुकत नाही अशी त्यांची श्रद्धा. खरं म्हणजे आमचं घड्याळ आठ मिनिटं मागे होतं आणि त्यांच्यामुळे सगळी शाळा आठ मिनिटं मागे चालत होती. एकाने तर सुरू न होता नुसत्या गुरगुरणाऱ्या मोटरीला फोन टेकवून धरला आणि म्हणाला, "ऐका, कसा आवाज येतुया."

पण सगळ्यांत कडी कोंडीबाबांची. हे शिंदे वस्तीवरचे म्हातारे गृहस्थ. नजर अधू, घरी दिवसभर एकटे. लाईट गेल्यावर सगळे फोन करतात. कोंडीबाबा लाईट आल्यावर करायचे. "आली बरं का," एवढंच सांगायचे आणि ठेवून द्यायचे. पहिल्या वेळी मी थक्क झालो. वीज मी सोडलेली, आणि ती पोचल्याची पोच मलाच! पण पुढे मला त्याची सवय झाली. इतक्या वर्षांत वीज आल्याचं सांगणारा तो एकच माणूस.

फोन आला की हातातलं वाक्य तुटायचं. वाक्य तुटलं की पुन्हा सांधायला दहा मिनिटं. तेवढ्यात दुसरा फोन. कधी एखाद्या पात्राला रडवायला घ्यावं तर मध्येच कुणीतरी "सिंगल फेज तरी द्या" म्हणायचं. एकदा वैतागून मोबाईल बंद करून ठेवला तर तासाभरात आमचे शाखा अभियंता मोटारसायकलवरून हजर. "मला वाटलं तुम्ही गेलात," ते म्हणाले, आणि ते कामावरून गेलात म्हणत होते की जगातून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटी मी एक युक्ती काढली. तिचा मला फार अभिमान होता, तो आता वाटत नाही. ती समजायला आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी.

लाइनवर काम करायचं तर वायरमन उपकेंद्राला फोन करून फीडर बंद करून मागतो. याला आम्ही एलसी म्हणतो, म्हणजे लाइन क्लिअर. आपरेटरने बंद केलं की तो खांबावर चढतो. काम झालं, खाली उतरला, की तो फोन करून एलसी परत देतो, मग आपरेटर फीडर चालू करतो. हे सगळं कागदावर, सहीशिक्क्याने व्हावं असा नियम. पण वायरमन पंधरा किलोमीटरवर शेतात, कागद उपकेंद्रात. त्यामुळे छोटी कामं फोनवर चालायची.

आता फीडर बंद म्हणजे पाणी बंद, आणि पाण्यासाठी माणूस काय करील सांगता येत नाही. एकदा दुपारी फोन आला, "मी भानुदास वायरमन बोलतोय. काम झालं. लाईट सोडा." आवाज बराचसा भानुदाससारखा. मी मूठ फिरवणारच होतो, पण भानुदास त्या वेळी माझ्यासमोर बाकावर बसून चहा पीत होता! तो काम अर्धं टाकून सामान न्यायला आला होता आणि त्याचा जोडीदार खांबावर होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. भानुदासच्या बशीतला चहा बाकावर सांडला तो त्याने पुसलासुद्धा नाही. मी फोन ठेवून दिला. 

त्या दिवसापासून आम्ही शब्दाची रीत सुरू केली. एलसी घेताना वायरमनने एक शब्द द्यायचा, मी तो लॉगबुकाच्या कडेला लिहायचा. परत देताना तोच शब्द आला तर चालू, नाहीतर साक्षात मंत्र्याचा फोन आला तरी बंद. भानुदासचे शब्द मजेदार असायचे. कारलं, जावई, थंडगार. जावई म्हणाला की समजायचं, काम अवघड आहे.

भानुदास माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला 'भाऊ' म्हणायचा. खांबावर चढण्याआधी तारांवर साखळी टाकून तिचं दुसरं टोक जमिनीतल्या सळईला जोडायचं असतं. चुकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी म्हणून. बरेच वायरमन कंटाळा करतात. भानुदास कधीच करायचा नाही. मी त्याला चिडवायचो, "आमच्यावर भरवसा नाय का रं?" तो हसायचा, "भरवसा हाय, भाऊ, पन साखळी काय जड थोडीच हाय," म्हणायचा आणि साखळी टाकायचाच.

तर माझी युक्ती अशी. फीडर बंद असताना सगळ्यात जास्त फोन येतात, कारण सगळ्यांना एकच विचारायचं असतं. मी माझा जुना बटणांचा मोबाईल कामावर आणायला लागलो आणि त्याचा नंबर फक्त तीन वायरमनांना दिला. एलसी चालू असली की ड्यूटीचा मोबाईल मुका करून पंच्याखाली झाकून ठेवायचा. बटणांचा वाजला तरच उचलायचा. झालं! दीड-दोन तास अखंड. महिनाभरात पहिला अंक लिहून झाला. इतकी वर्षं हे का सुचलं नाही म्हणून मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

नाटक असं होतं. सगुणा गावची सरपंच म्हणून निवडून येते, पण कारभार तिचा नवरा करतो. खुर्चीत तो, सही तेवढी हिची, तीही घरी, चुलीपुढे. दुसऱ्या अंकात ग्रामसभा चालू असताना सगुणा दारात येऊन उभी राहते. इथे माझी गाडी अडली. ती आत कशी येते? पहिलं वाक्य काय बोलते? रडावं तर नाटक पडेल, भांडावं तर तेच तेच. सतरा दिवस ती बाई दारात उभी.

भानुदासला मी सगळं वाचून दाखवायचो. माझा वाचक म्हणा, श्रोता म्हणा, तेवढा एकच. तो रोज विचारायचा, "आली का आत?"

"नाही रे."

"पाय दुखलं आसतील की तिचं. एक स्टूल तरी द्या."

मार्चमधली गोष्ट. उन्हाळी कांद्याला पाण्याची शेवटची पाळी, म्हणजे फीडर बंद केला की लोक जिवावर उठणार. सकाळी साडेदहाला भानुदासचा फोन आला. शिंदे वस्तीजवळच्या खांबावर चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला होता. तासाभराचं काम.

"शब्द?" मी विचारलं.

तो हसला. "आज सगुणा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझं पात्र लॉगबुकाच्या कडेला जाऊन बसलं. मी ब्रेकर बंद केला. खरं तर त्यानंतर आवारात जाऊन त्या लाइनचा हाताने उघडायचा स्विचही उघडायचा असतो, म्हणजे आपरेटरची चूक झाली तरी वीज पुढे जाऊ नये. तासाभराच्या कामाला तो आम्ही उघडत नसू. आम्ही म्हणजे मी. दुसऱ्याचं मला सांगता येत नाही. मोबाईल पंच्याखाली गेला आणि मी वही उघडली.

साडेअकराच्या सुमाराला ते वाक्य आलं. कुठून आलं ठाऊक नाही. सगुणा आत येते, भर सभेत नवऱ्याच्या खुर्चीपाशी जाते आणि अगदी साध्या आवाजात म्हणते, "उठा जरा. सही उभ्यानं चांगली येत न्हाई."

 मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. आणि तेवढ्यात बटणांचा मोबाईल वाजला.

"भाऊ, सगुणा..." भानुदासचा आवाज, मागे वाऱ्याचा घोंघाट. पुढचे शब्द वाऱ्यात गेले.

"आली! आली रे आत!" मी जवळजवळ ओरडलोच.

"बरं झालं की," तो हसत म्हणाला. फोन बंद.

मी उठलो, कपाटापाशी गेलो आणि मूठ फिरवली. हे मी केलं. माझ्याच हातांनी, शब्द ऐकून, नियमाप्रमाणे. पण मी तिथे नव्हतो. मी ग्रामसभेत होतो.

धाडकन आवाज झाला आणि ब्रेकर आपोआप पडला, म्हणजे फीडर पुन्हा बंद झाला. लाल दिवा लागला. तो दिवा एवढंच सांगतो की फीडरवर कुठेतरी वीज जमिनीत गेली. साखळीतून गेली की माणसातून, हे तो सांगत नाही. दोन्ही वेळा दिवा एकच, आवाज एकच. सव्वीस वर्षं मी त्या कपाटापुढे बसलो होतो आणि ही गोष्ट मला त्या क्षणी समजली.

मी भानुदासला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. दुसऱ्या वायरमनला लावला. तो पलीकडच्या गावात होता, "निगतो, निगतो" म्हणाला. खोली सोडून मला जाता येत नव्हतं.

मग मी पंचा उचलला. खाली मोबाईल नुसता लखलखत होता. मी पहिला फोन घेतला. "आली नि गेली, काय खेळ लावलाय?" दुसरा, "मोटर जळली आस्ती माझी!" मी प्रत्येकाला एकच विचारत होतो, "शिंदे वस्तीजवळ आहात का? खांबावरचा माणूस दिसतोय का?" ते शिव्या देत होते आणि मी तेच विचारत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की फोन थांबू नयेत.

सहावा की सातवा फोन कोंडीबाबांचा.

"आली बरं का. न्हाई, गेली जनू."

"बाबा, तुमच्या घरामागच्या खांबावर वायरमन आहे. दिसतोय का बघा. लवकर!"

ते उठले, चपला शोधत असल्याचं मला ऐकू येत होतं. मग बराच वेळ नुसता वारा. मग म्हणाले, "खांबावर? खांबावर तर कोनीच न्हाई."

"आणि खाली? खाली कोणी पडलंय का?"

"खालचं मला दिसत न्हाई बाबा. नजर कुटं हाय मला?"

मी मटकन खाली बसलो. खुर्चीत नाही, फरशीवर. भानुदासच्या बायकोचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. आमच्या घरी हळदीकुंकवाला येते ती. तिला कुणी सांगायचं, काय सांगायचं, आणि तिने विचारलं, भाऊ तुम्ही काय करत होता, तर काय म्हणायचं? नाटक लिहीत होतो? टेबलावर वही उघडी होती. सगुणा आत आलेली होती. मला त्या वाक्याचा मनापासून तिरस्कार वाटला.

वीस-पंचवीस मिनिटांनी फाटकाशी मोटारसायकल वाजली. भानुदास. गाडी स्टँडवर लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मी दारापर्यंत गेलो. तो आत आला. त्याने हातातली साखळी टेबलावर ठेवली, माझ्या वहीवर. तिच्या टोकाचा आकडा वितळून गोळा झाला होता. मग त्याने माठातलं पाणी घेतलं, निम्मं अंगावर सांडलं, निम्मं प्याला.

ब्रेकर पडायच्या आधी त्याच्या कानापाशी सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला होता आणि साखळीतून ठिणग्यांचा लोट उठला होता. पट्टा बांधलेला म्हणून तो पडला नाही. उतरला आणि विहिरीच्या कठड्याआड जाऊन बसला. मोबाईल खिशात वाजत होता, पण बोटांनी बटण दाबता येईना.

"भाऊ, म्या फोनवर काय म्हनलं?" त्याने विचारलं.

"सगुणा."

"आन् फुडं?"

"पुढं ऐकलं नाही."

 "म्या म्हनलं, सगुणा अजून दारातच हाय. म्हंजी काम ऱ्हायलंय, आर्धा घंटा लागंल. तुमी म्हनलात आली आत. मला वाटलं, नाटकाचं म्हनताय."

 तो चेष्टा करायला गेला होता आणि मी ऐकायला गेलोच नव्हतो. तो म्हणाला, "म्याबी येड्यावानी शब्दावर चेष्टा केली." मी म्हणालो, तुझी काही चूक नाही. आणि ते खरंच होतं. शब्द त्याने परत दिला नव्हता, मी तो हिसकावून घेतला होता.

ब्रेकर का पडला हे लॉगबुकात लिहावं लागतं. 'तारेवर पक्षी बसला' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. आमच्या लॉगबुकांत इतके पक्षी मेलेत की तेवढे या जिल्ह्यात नसतील. भानुदास खांद्यावरून पाहत होता. मी लिहिलं, एलसी परत नसताना यंत्रचालकाने फीडर चालू केला. खाली सही.

चौकशी झाली. शाखा अभियंता म्हणाले, "तुम्ही त्या वेळी काय करत होता?"

"लिहीत होतो."

"लॉगबुक?"

"नाटक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते माझ्याकडे असे पाहत होते, की मी दारू पीत होतो म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. मग त्यांनी अहवालात 'अन्य लिखाण' असं लिहिलं. शिक्षा झाली, ती योग्यच होती, आणि कमीच होती. फोनवरची एलसी बंद झाली. ड्यूटीचा मोबाईल पुन्हा मोठ्याने वाजायला लागला. बटणांचा मी सुनंदाला देऊन टाकला. तिला का ते सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दहा-बारा दिवसांनी शिंदे वस्तीच्याच लाइनवर पुन्हा काम निघालं. आता भानुदासला कागद घ्यायला पंधरा किलोमीटर यावं लागणार होतं. तो आला. कागदावर सह्या झाल्या. मी ब्रेकर बंद केला, आवारात जाऊन स्विच उघडला. तो माझ्या मागोमाग आला होता. त्याने खिशातून एक कुलूप काढलं, घरून आणलेलं, कोठीच्या दाराला लावतात तसं. स्विचच्या दांड्याला ते अडकवलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

"आता लिवा निवांत," तो म्हणाला आणि गेला.

मी खोलीत येऊन बसलो. फोन यायला लागले. मी प्रत्येक घेतला. कुठलं गाव, किती वेळ लागेल, का लागेल, सगळं सांगितलं. दळणवाल्या बाईंना सांगितलं, एकाचे वडील आजारी होते त्यांची विचारपूस केली. आणि दोन फोनांच्या मध्ये, कसं ते मला आजही सांगता येणार नाही, माझ्या हाताने वही पुढे ओढली. अर्धं वाक्य लिहायचं, फोन घ्यायचा, उरलेलं अर्धं लिहायचं. वाक्य तुटत नव्हतं. नवरा खुर्चीतून उठला, सभेत गलका झाला, सगुणा बसली. पेन थांबेना. ज्याला मी मारता मारता राहिलो, तो माणूस खिशात किल्ली घालून माझ्याच फीडरवर चढलेला, आणि मी लिहीत होतो! मी स्वतःकडे पाहून हबकलो, आणि हबकलेलाच लिहीत राहिलो.

दोन वाजता भानुदास परत आला. त्याची गाडी ऐकताच मी वही लॉगबुकाखाली सरकवली. त्याने कुलूप काढलं, कागदावर सही केली आणि बाकावर टेकला.

"लिवलं का काय?"

"नाही रे," मी म्हणालो. "मनच लागलं नाही."

त्याने मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला. तो उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कसं लागंल, भाऊ? मलाबी आज खांबावर चढवंना. घंटाभर नुसताच खाली बसून हुतो."

लॉगबुकाखाली सात पानं होती.